बांधकाम कामगार युनियनची मेंबरशिप : पैसे वसूल की नुसती पावती?

आधीच सांगून टाकतो, भांडी संच मिळावा म्हणून युनियन जॉईन करणार असाल तर नका करू. त्याला युनियन लागतच नाही. पेटी, हेल्मेट, बूट, कुकर, ताटं हे सगळं कल्याणकारी मंडळाकडून येतं आणि मंडळाची नोंदणी फी आहे एक रुपया. पण आमच्या नाक्यावर निम्म्या लोकांना वाटतं की युनियनचं कार्ड काढलं की घरी कुकर येतो, आणि कुकर नाही आला की मग युनियनवाले चोर. असल्या रागातून एक स्टार देणारे लय आहेत, म्हणून म्हटलं जरा नीट लिहावं.

मी टाइल्स मिस्त्री. मूळ लातूर साईडचा, काम पिंपरी-चिंचवड, हिंजवडी, वाकड पट्ट्यात. कधी अंगावर (मापाने ठरवून) काम घेतो, कधी हजेरीवर (रोजाने) जातो, काहीच नसलं तर सकाळी डांगे चौकात नाक्यावर उभा राहतो. युनियनचं नाव आणि झेंड्याचा रंग दोन्ही सांगत नाही, कारण खाली दोन-चार वाकड्या गोष्टी पण लिहिल्यात आणि रोज त्याच लोकांना तोंड दाखवायचंय. एन्ट्री फी ५० रुपये, वर्षाची वर्गणी २४०. म्हणजे महिन्याला वीस रुपये पडले, दोन चहा. पैशाचा प्रश्न तसा नाहीच, प्रश्न आहे की त्याच्यामागे जो वेळ जातो आणि ठेकेदाराच्या डोक्यात आपलं नाव बसतं ते परवडतं का.

मंडळ आणि युनियन यातला फरक आधी क्लिअर करतो. मंडळ सरकारी आहे, पूर्ण नाव महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ. १९९६ साली केंद्राचा कायदा झाला, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का सेस (उपकर) लागला आणि त्या पैशातून ह्या योजना चालतात. वय १८ ते ६०, मागच्या बारा महिन्यात ९० दिवस बांधकामाचं काम केल्याचा दाखला, आधार, पासबुक, फोटो, झालं. तो पैसा सरकारच्या खिशातला नाही, आपण बांधलेल्या बिल्डिंगवर बिल्डरने भरलेला आहे, त्यामुळे तिथे कोणी उपकार केल्यासारखं बोललं तर ऐकून घ्यायचं नाही. आणि हा कायदा आपोआप आला नाही, ऐंशीच्या दशकापासून देशभरातल्या बांधकाम कामगारांच्या संघटनांनी त्यासाठी मोहीम चालवली होती. कायदा झाल्यावरही राज्यं सेस धड गोळा करत नाहीत, केला तर वाटत नाहीत, म्हणून त्याच लोकांना सुप्रीम कोर्टात जावं लागलं आणि २०१८ मध्ये कोर्टाने सगळ्यांना चांगलं झापलं.

युनियन वेगळी. ती आपली आपण केलेली, रजिस्टर झालेली संघटना. ती तुम्हाला भांडी देत नाही. मग देते काय, त्याचाच हा रिव्ह्यू.

पहिलं, कागदपत्राचं काम. हे आमच्या युनियनचं ठीकठाक आहे, त्यापेक्षा जास्त नाही. ऑफिसात एक पोरगी बसते, फॉर्म भरून देते, अपलोड करून देते. बाहेर एजंट ह्याच कामाचे हजार-पंधराशे घेतात, वर मुलाच्या स्कॉलरशिपमधून पण हिस्सा मागतात, त्या हिशेबाने २४० रुपये काहीच नाही. पण तुमच्या घरात बारावी झालेला पोरगा असेल तर तो मोबाईलवरून सुद्धा करेल, नाहीतर तालुक्याच्या सुविधा केंद्रावर जा. खरी अडचण फॉर्मची नसतेच, ती ९० दिवसाच्या दाखल्याची असते. ठेकेदार सही देत नाही कारण सही दिली की माणूस आपल्याकडे होता हे कागदावर येतं, आणि नाक्यावरच्या माणसाला तर ठेकेदारच रोज वेगळा, तो कुणाची सही आणणार? इथे युनियनचा उपयोग होतो. ह्या दाखल्यासाठी त्यांची महापालिकेत ओळख आहे, कुठल्या खिडकीला कुणाला भेटायचं माहीत आहे, दहा-वीस जणांचे एकदम घेऊन जातात. एकटा गेलो असतो तर उद्या या म्हणाले असते.

अजून एक, रिन्यूअल. हे लोक हसण्यावारी नेतात. दरवर्षी नोंदणी चालू ठेवावी लागते, नाही ठेवली तर लाभार्थी म्हणून नाव उडतं आणि नेमकं तेव्हाच काहीतरी होतं. आमचे युनियनवाले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिना आधी नावं टाकतात, हे मला सगळ्यात आवडलेलं. आता तर ६० नंतरचं निवृत्तीवेतन पण नोंदणीच्या वर्षांवर ठरवलंय, दहा वर्षं असतील तर वर्षाला ६,०००, पंधरा असतील तर ९,०००, वीस असतील तर १२,०००. महिन्याचे नाही हां, वर्षाचे. त्यात काय होतंय म्हणाल तर खरंय, पण ज्याचं कार्ड मध्येच बंद पडलंय त्याला तेवढे मिळवायला पण भांडावं लागणार. मुलांच्या शिक्षणाचं मात्र चांगलं आहे, पहिली ते सातवी २,५००, आठवी ते दहावी ५,०००, पुढे इंजिनीअरिंगला ६०,००० आणि मेडिकलला एक लाखापर्यंत. माझ्या शेजारच्या सेंट्रिंगवाल्या (स्लॅबच्या फळ्या ठोकणाऱ्या) मामांची पोरगी त्यावर डिग्री करतेय.

आता मुद्द्याचं. अडकलेले पैसे.

बांधकामात असलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. शनिवारी खर्ची (खर्चापुरती उचल) मिळते, आणि मोठा हिशेब काम संपल्यावर. काम संपलं की ठेकेदाराचा फोन लागत नाही. माझं एका टॉवरमध्ये असंच झालं. स्क्वेअर फुटावर काम घेतलेलं, खर्ची वेळेवर येत होती त्यामुळे मी निवांत, आणि शेवटच्या मापाला साहेब म्हणतात स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची टाइल्सची पट्टी) मापात धरलेलंच नाही, तुटलेल्या टाइल्स तुझ्या नावावर, सगळं वजा करून वर तूच माझं देणं लागतोस. माझ्या हिशेबाने ६४ हजार बाकी होते. पुन्हा साईटवर गेलो तर वॉचमन गेटच्या आत सोडेना.

युनियनच्या ऑफिसात जे काका बसतात ते स्वतः जुने सेंट्रिंग कार्पेंटर, एका हाताची दोन बोटं कट मशीनमध्ये गेलेली. त्यांनी माझी रडकथा ऐकलीच नाही. पहिला प्रश्न, वही आहे का? दुसरा, खर्ची रोख होती का फोनवर? फोनवर होती म्हटल्यावर चेहरा जरा खुलला. माझ्याच मोबाईलमधून त्यांनी दर शनिवारच्या एन्ट्रीचे स्क्रीनशॉट काढायला लावले, ठेकेदाराचं नाव दिसेल असे. मला एक सवय आहे, प्रत्येक खोलीचं माप मी दरवाज्याच्या चौकटीच्या मागे पेन्सिलने लिहितो आणि फोटो काढून ठेवतो, म्हणजे रात्री बेरीज करायला बरं पडतं. ते फोटो बघून काका म्हणाले, हे कोर्टात पण चालेल रे. फोटोवर तारीख, खोलीचा नंबर, माप, मागे अर्धी लावलेली टाइल, सगळंच होतं.

मग पत्र टाईप झालं. एकाच पत्राच्या तीन कॉप्या : एक ठेकेदाराला, एक बिल्डरच्या कंपनीला, एक सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसला. मी म्हटलं बिल्डरला कशाला, त्याने तर ठेकेदाराला पैसे दिले असतील. तर काका म्हणाले तीच तर खरी चावी आहे. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती द्यायची जबाबदारी मूळ मालकावर येते, कंत्राटी कामगारांच्या कायद्यात १९७० पासून हे होतं आणि बांधकाम कामगारांच्या कायद्यातही मजुरीची आणि भरपाईची जबाबदारी मालकावर टाकलेली होती, नोव्हेंबर २०२५ पासून हे कायदे नव्या लेबर कोडमध्ये (केंद्राने एकत्र केलेल्या कामगार कायद्यांत) गेले तरी मजुरीची जबाबदारी गेलेली नाही. बिल्डरचं 'ते तुम्ही आणि ठेकेदार बघा' हे फक्त आपल्याला माहीत नसतं म्हणून चालतं.

पण इथेच एक मेख निघाली आणि ती टाइल्स, पीओपी, पेंटिंगवाल्या सगळ्यांनी ऐकून ठेवा. ठेकेदाराने उलट सांगितलं की हा कामगार नाहीच, हा सबठेकेदार, याच्या हाताखाली स्वतःचे दोन बिगारी आहेत. आणि त्याच्यात तथ्य पण होतं! अंगावर काम घेतलं की आपण अर्धे मजूर, अर्धे ठेकेदार असतो. हजेरीवरच्या बिगारीची केस सरळ, वही दाखवली की झालं. आपली केस वाकडी. काकांनी तोंडावर सांगितलं की कोर्टात गेलास तर ह्याच मुद्द्यावर वर्षं जातील, आपण बोलून मिटवू. शेवटी बिल्डरच्या साईट ऑफिसमधून ठेकेदाराला फोन गेला की हे मिटव, नाहीतर तुझं पुढचं बिल अडकेल, आणि दोन हप्त्यात ४५ हजार आले. स्कर्टिंगचे गेले ते गेलेच.

६४ पैकी ४५. कोणाला कमी वाटतील. नाक्यावर माझ्या ओळखीत अशा हिशेबात पूर्ण शून्य घेऊन गावाकडे गेलेले आहेत. युनियनने यात टक्का मागितला नाही, स्वखुशीने दे म्हणाले, मी ५०० दिले आणि त्याची पण पावती मिळाली. काही ठिकाणी वसुलीवर टक्का घेतात असं ऐकलंय, तेव्हा तुम्ही जिथे जाल तिथे हे आधीच तोंडावर विचारा, लाजू नका.

दुसरी गोष्ट अपघाताची, आणि खरं सांगायचं तर मी रिन्यू केलं ते ह्यासाठी. एका रविवारी मीटिंगमध्ये काकांनी भिंतीवरच्या पाटीवर हिशेब करून दाखवला. समजा तीस वर्षांचा माणूस पराचीवरून (बांबूच्या मचाणावरून) पडून गेला. भरपाईचा कायदा मुळात १९२३ चा, आता तो पण नव्या लेबर कोडमध्ये गेलाय, त्यात महिन्याच्या पगाराचे निम्मे धरायचे, पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात, म्हणजे साडेसात हजार, आणि त्याला वयाप्रमाणे ठरलेला आकडा लावायचा, तीस वर्षाला २०७.९८. गुणाकार आला १५,५९,८५०. सगळी मीटिंग गप्प. कारण आमच्या डोळ्यासमोर जे व्हायचं ते असं की बिल्डरचा माणूस लाख-दीड लाख घेऊन बायकोच्या हातात ठेवतो, कोऱ्या कागदावर अंगठा घेतो आणि बॉडी गावाला न्यायला अ‍ॅम्ब्युलन्स करून देतो, आणि लोक म्हणतात माणूस चांगला आहे, गाडी दिली. खरं म्हणजे मृत्यूच्या केसमध्ये भरपाईचे पैसे असे परस्पर हातात देऊन चालतच नाही, ते भरपाईसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे जमा करावे लागतात. आणि मंडळाचे ५ लाख, कामावर अपघाती मृत्यू झाल्यावर वारसाला मिळतात ते, ते ह्याच्याशिवाय वेगळे. बरेच जण दोन्ही एकच समजतात आणि एकावर गप्प बसतात. दावा करायला साधारण दोन वर्षांची मुदत असते, तोपर्यंत घरचे गावाकडे दुःखात, इकडे साईट पूर्ण होऊन सोसायटी राहायला पण आलेली असते.

हे सगळं कायद्याच्या पुस्तकात आहे, मान्य. पण पोलीस स्टेशनला पंचनाम्यात 'कामावर असताना' हे शब्द लिहून घ्यायला त्या रात्री कोण जाणार? मुकादम जाणार का? आमची पोरं गेलेली मी पाहिलीयत, रात्री अकराला, हॉस्पिटलच्या दारात. ह्या एका कामासाठी मी पाच स्टार द्यायला तयार आहे.

आता शिव्या.

रेटच्या बाबतीत युनियन कमजोर आहे. दरवर्षी बैठक होते, ठराव होतो, बोर्ड लागतो की मिस्त्रीला इतकी हजेरी आणि बिगारीला इतकी, आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो पुढच्या नाक्यावरून माणसं भरून नेतो. कारण मेंबर सगळे आपले मराठवाड्यातले आणि कर्नाटक बॉर्डरचे, आणि साईटवर आता बिहार, बंगाल, झारखंडची पोरं, ती लेबर कॅम्पात राहतात, त्यांच्यापर्यंत कोणी जात नाही. मीटिंग पूर्ण मराठीत, पत्रक मराठीत. मी एकदा म्हटलं हिंदीत पण छापा की, तर एकाने उत्तर दिलं, आपल्या पोटावर पाय देणाऱ्यांना कशाला सांगायचं. अरे बाबा, त्याला कमी देतात म्हणूनच तुला कमी मिळतंय ना. काकांना पटतं हे, बाकीच्यांना नाही.

बायकांचं तर विचारूच नका. घमेली वाहणाऱ्या, विटा देणाऱ्या, साईट झाडणाऱ्या निम्म्या बायाच आहेत, पण रविवारी दहाची मीटिंग ठेवल्यावर कोण येणार, आठवड्याचं धुणं-पाणी त्यांनाच आहे. एक मावशी एकदा आल्या आणि संडासाचा विषय काढला, की साईटवर गड्यांसाठी आहे, आमच्यासाठी नाही, आणि लेकरू कुठे ठेवायचं. पन्नासच्या वर बाया कामाला असतील तर पाळणाघर द्यावं लागतं असं १९९६ च्या कायद्यात होतं म्हणे, मी तर आजवर एका साईटवर पाहिलं नाही. मिनिट्समध्ये लिहून घेतलं. पुढे काय झालं ते मिनिट्सलाच माहीत.

मोर्चे. आझाद मैदान, कधी पुण्यात कामगार आयुक्तांच्या ऑफिसवर. एका दिवसाची हजेरी बुडते, माझ्यासारख्याची हजार रुपये, आणि नाही गेलो तर ग्रुपवर टोमणे. त्यात निवडणूक आली की झेंडे बदलत नाहीत पण भाषणं बदलतात. राजकारणासाठी वेगळा फंड असतो, तो द्यायची मेंबरवर सक्ती नसते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, विचारल्यावर कळलं. मी देत नाही, आणि त्यावरून मला कोणी काही बोललेलं नाही हे पण प्रामाणिकपणे सांगतो.

आणि सगळ्यात मोठी भीती, जी सगळ्यांना असते : नाव पडतं का? पडतं. एका ठेकेदाराने मला त्यानंतर काम दिलं नाही, दुसऱ्याने हसत हसत विचारलं, काय मिस्त्री, पत्र-बित्र पाठवणार का? पण दुसऱ्याने हिशेब दर पंधरवड्याला चुकता केला, हे पण तितकंच खरं. टाइल्सचा हात चांगला असेल तर कामाला मरण नाही, बिगारीला मात्र हा धोका जास्त, कारण त्याच्या जागी दुसरा सकाळी सातला उभाच असतो. म्हणून मी कोणाला एकट्याने जॉईन व्हा म्हणत नाही. एका गँगचे, एका गावचे पाच-सहा जण मिळून जा. एकाला काढता येतं, गँग काढली तर स्लॅबची तारीख चुकते.

एक गंमत सांगतो. फॉर्म भरताना काकांनी मला विचारलं, तुझ्या बिगाऱ्यांना काय देतोस? मी आकडा सांगितला. ते म्हणाले, बोर्डावरचा रेट वाचलास का बाहेर? मी पाटीकडे बघून गप्प. आता दोघांना पन्नास-पन्नास वाढवून देतो आणि दोघांची पण मेंबरशिप काढली, त्यातल्या एकाची वर्गणी मीच भरली कारण तो म्हणाला मला काय करायचंय युनियन घेऊन, तुम्ही देता ना पैसे. उद्या मी नाही दिले तर कुणाकडे जाशील, असं मीच त्याला विचारलं, आणि विचारल्यावर मलाच हसू आलं.

जॉईन होण्याआधी काय बघायचं. छापील पावती देतात का, त्यावर संघटनेचा रजिस्ट्रेशन नंबर आहे का. वर्षातून एकदा तरी सगळ्या मेंबरांची सभा होते का आणि पदाधिकारी तिथे निवडले जातात का, का एकच साहेब वीस वर्षं अध्यक्ष, पोरगा सचिव आणि सून खजिनदार. जमाखर्चाची वही मागा. मेंबरला हिशेब बघायचा हक्क १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यापासून आहे, नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा नव्या लेबर कोडमध्ये गेला तरी हा हक्क गेलेला नाही. आमच्याकडे मी मागितली तर काकांनी कपाटातून काढून समोर ठेवली, चहाच्या डाग पडलेली, पण होती. जिथे 'तुला काय करायचंय हिशेब' असं उत्तर येईल तिथून चप्पल घालून सरळ बाहेर. आणि जो पहिल्याच भेटीत भांडी संचाची गॅरंटी देतो तो युनियनवाला नाही, एजंट आहे, बोर्ड कसलाही लावू दे.

माझं रेटिंग : साडेतीन. अपघात आणि अडकलेले पैसे यासाठी पाच, कागदपत्राला तीन, रेट वाढवण्याला दोन, बाया आणि बाहेरच्या राज्यातल्या पोरांना बरोबर घेण्यात एक, तो पण मावशींना बोलू दिलं म्हणून. हजेरीवर, नाक्यावर, कुणाच्या हाताखाली काम करत असाल तर घ्याच. स्वतः दहा-पंधरा माणसं ठेवून काम घेत असाल तर तुम्ही पलीकडच्या बाजूला आहात, तुमच्या माणसांना घेऊ द्या आणि आडवे येऊ नका.

ऑफिस रविवारी सकाळी आणि मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी सातनंतरच उघडं असतं, दिवसा जाऊ नका, कुलूप दिसेल आणि उगाच एक स्टार द्याल. आधार, रेशन कार्ड, पासबुकच्या दोन-दोन झेरॉक्स बाहेरूनच काढून न्या. तिथलं मशीन बंद आहे, आणि ते दुरुस्त करायचा ठराव पण मिनिट्समध्ये आहे.